वाचकांचे प्रश्न : ‘आधी आपलं बघा’ म्हणण्यात चूक काय?

प्रश्न : प्रत्येक देश स्वतःचंच बघतो. मग कांद्याची निर्यात बंद करून भारताने आपल्या ग्राहकाचं बघितलं, तर त्याला आत्मकेंद्री का म्हणायचं? (एक वाचक, निफाड)

उत्तर : आपलं हित बघणं हे सरकारचं कामच आहे. आत्मकेंद्री विचार म्हणजे समोरचा पुढे काय करील, हा हिशोबातला रकाना कोरा सोडणं. तोटा तिथूनच शिरतो.

२९ सप्टेंबर २०१९ ची निर्यातबंदी पूर्वसूचनेशिवाय आली. काही दिवसांतच बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला बिनकांद्याचं रांधायला सांगितलंय, असं त्या जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या आणि पुढच्या वेळी आधी कळवा, अशी विनंतीही त्यांनी केली. ती बंदी १५ मार्च २०२० ला उठली आणि १४ सप्टेंबर २०२० ला तशीच अचानक परत लागली. बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीनकडून माल मागवला आणि घरचं पीक वाढवायला घेतलं. मार्च २०२३ मध्ये तर आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्यांनीच आयात परवाने थांबवले, ते जूनमध्ये पुन्हा सुरू केले. पूर्वी दाराची कडी आपल्याच हातात होती, आता त्यांच्याही हातात आहे.

घरच्या घरीही हेच झालं. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांद्याची आवक होती. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो, लाल कांदा काही आठवड्यांच्या वर टिकत नाही. भाव पडला म्हणून माल थांबवून धरायची सोयच शेतकऱ्याला नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकऱ्यांनी रस्ता अडवला तो त्यामुळे. शहरातल्या ताटाची काळजी खरी होती, पण निर्णय फक्त त्या ताटावरून घेतला गेला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.

आमच्या मते अशा निर्णयात तीन गोष्टी हव्यातच : निदान महिनाभर आधी सूचना, करार झालेल्या आणि कंटेनरमध्ये भरलेल्या मालाला सूट, आणि नेहमीच्या शेजारी गिऱ्हाइकाला ठरलेला कोटा. शुल्कही टप्प्याटप्प्याने वाढवता येतं. निर्यातच एका रात्रीत शून्यावर आणली की व्यापाऱ्याचा शब्द जातो, आणि तो परत मिळवायला काही हंगाम लागतात.

प्रश्न : परराष्ट्र धोरणाची बातमी वाचताना ही चूक ओळखायची कशी? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : दोन्ही देशांची नावं अदलाबदल करून तीच बातमी पुन्हा वाचा. आपला ‘सराव’ आणि त्यांची ‘चिथावणी’ एकाच कृतीला म्हटलं असेल, तर तिथे थांबा.

१६ ऑक्टोबर १९६२ ला, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरच्या बैठकीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी म्हणाले की हे आपण तुर्कस्तानात क्षेपणास्त्रं ठेवल्यासारखं आहे. सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी सांगितलं, आपण ती ठेवलेलीच आहेत. अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं तिथे खरोखरच होती. पुढे २७ तारखेला, मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत राहिलेल्या ल्युएलिन थॉम्पसन यांनी सुचवलं की ‘मी क्यूबा वाचवला’ असं सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना आपल्या लोकांना सांगता आलं तर ते मागे हटतील. क्यूबावर हल्ला करणार नाही, हे अमेरिकेने उघडपणे सांगितलं आणि ज्युपिटर काढण्याचं गुपचूप कबूल केलं. २८ तारखेला ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं काढायचं मान्य केलं आणि पेच सुटला. २४ तारखेपासूनची अमेरिकी आरमाराची क्यूबाभोवतीची नाकेबंदी मात्र तोवर कायम होती. समोरच्याला समजून घेणं म्हणजे त्याचं मान्य करणं नव्हे, हे इथे नीट दिसतं.

म्हणून दुसरा प्रश्न विचारा : ही मागणी मान्य केली, तर समोरचा नेता घरी जाऊन काय सांगेल? त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरत नसेल, तर तो मान्य करणार नाही.

उलटी चूकही आत्मकेंद्रीच असते आणि ती सहज नजरेतून सुटते. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला, चेकोस्लोव्हाकियाचा भाग जर्मनीला देणारा करार करताना, ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी धरून चाललं की आपल्यासारखंच हिटलरलाही युद्ध टाळायचंय. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये होतं. समोरचा आपल्यासारखाच आहे, हे गृहीत धरण्यातही त्याच्याकडे बघायचं राहूनच जातं.

प्रश्न : जायकवाडीला पाणी सोडण्यास विरोध करणं हाही स्वार्थच का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : विरोध करणं स्वार्थ नाही. १५ ऑक्टोबरला गोदावरीवर खाली पैठणला असलेल्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने घालून दिलं. त्या आकड्यावर वाद घालता येतो. नदीपात्रात मुरणारं पाणी कोणाच्या हिश्शातून धरायचं, हा नाशिकचा प्रश्नही रास्त आहे. पण तो पाऊस पडण्याआधी, उन्हाळ्यात, पैठणच्या शेतकऱ्याला समोर बसवून मांडायला हवा. ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या गंगापूर धरणाचे दरवाजे उघडायच्या दिवशी मांडलेला आकडा तिकडे कोणी ऐकत नाही.