आरएनए डॅमेजवर पीएचडी करायची असेल तर शोधायचं कुठे?

तुम्ही विचारलंय, "मॉलिक्युलर बायोलॉजीत एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे. आरएनए डॅमेजवर पीएचडी करायची आहे, पण त्या नावाने शोधलं तर जागाच सापडत नाहीत. सर म्हणतात, त्यापेक्षा डीएनए रिपेअर घे. काय करू?"

मी जर्मनीत याच विषयाच्या आसपास पीएचडी करते आहे, चौथं वर्ष चालू आहे. विषय सोडू नका. फक्त शोधताना नाव बदला.

सर असं का म्हणतात ते मी समजू शकते. डीएनए जन्मभर पुरवायचा, म्हणून पेशी त्याची डागडुजी करते. एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली तात्पुरती प्रत, काही तासांचा पाहुणा, बिघडला तर मोडून टाकायचा, असंच आपण सगळे शिकलो. पण मोडायचा नेमका कुठला, हे पेशीला कळतं कसं? माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे. खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडला की मागचा त्याच्यावर येऊन टेकतो. ग्वानिन या अक्षराचं ऑक्सिडेशन झालेल्या एमआरएनएवर रायबोसोम, म्हणजे तो वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, असाच अडतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हानी झाहर यांच्या गटाने हे 2014 मध्ये दाखवलं. मागचा रायबोसोम येऊन धडकतो आणि पेशीतली प्रथिनं त्या धडकेची जागा ओळखतात. म्हणजे बिघडलेलं अक्षर थेट वाचलं जात नाही, त्याच्यामुळे झालेली टक्कर वाचली जाते. कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने 2024 मध्ये उंदरांच्या त्वचेवर दाखवलं की अतिनील किरणांनंतरचा सुरुवातीचा दाह आणि पेशींचं मरण आरएनएवरच्या याच टकरीतून, झॅक-अल्फा या प्रथिनामार्फत, सुरू होतं. उन्हाने त्वचा भाजते ती डीएनएमुळे, हे आपण किती वर्षं पाठ केलं होतं!

तेव्हा शोधताना रायबोसोम कोलिजन, ट्रान्सलेशन क्वालिटी कंट्रोल, रायबोटॉक्सिक स्ट्रेस, आरएनए-प्रोटीन क्रॉसलिंक, टीआरएनए मॉडिफिकेशन हे शब्द टाका. जागा तिथे आहेत.

शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये असायचा, त्यातलं फॉर्माल्डिहाइड आपल्या पेशी स्वतःही तयार करतात आणि ते आरएनएला प्रथिनं चिकटवून टाकतं. ही गाठ पेशी कशी सोडवते, यावर म्युनिकमध्ये युलियान श्टिंगेले आणि माइन्झच्या आयएमबी या संशोधन संस्थेत पेट्रा बेली यांच्या गटांनी 2023 मध्ये काम प्रसिद्ध केलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत राजन शंकरनारायणन यांच्या गटाने वनस्पतींतलं डीटीडी2 हे एन्झाइम अभ्यासलं. अल्डिहाइड चिकटल्यामुळे अडकून पडलेले टीआरएनए (रायबोसोमला अमिनो आम्लं पुरवणारे आरएनए) ते मोकळे करतं. शीर्षकात 'आरएनए डॅमेज' शोधत बसलात तर हा पेपर तुमच्या हाती कधीच लागणार नाही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. भारतात सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं, आणि बहुतेक संस्थांची दारं उघडतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बीईटी आणि टीआयएफआरची जेजीबिल्स या परीक्षाही द्या. संस्था म्हणाल तर पुण्यात आयसर आणि एनसीसीएस, खारघरला अॅक्ट्रेक, मुंबईत टीआयएफआर. पण संस्थेच्या नावावर जाऊ नका, प्रयोगशाळेचे शेवटचे तीन पेपर वाचा. जर्मनीत एमएस्सी लागते, पगार मिळतो आणि थेट प्राध्यापकांना लिहिता येतं. आयएमबीचा स्वतःचा आंतरराष्ट्रीय पीएचडी कार्यक्रम आहे, हायडेलबर्गच्या ईएमबीएल या संस्थेचाही आहे. युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा युराक्सेस या संकेतस्थळावर येतात. अट अशी की भरतीआधीच्या 36 महिन्यांत तुम्ही त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. भारतातून अर्ज करणाऱ्याला ही अट सहसा आड येत नाही. अमेरिकेत आधी प्रोग्रॅमला प्रवेश, मग दोन-तीन प्रयोगशाळांत रोटेशन (थोडे थोडे दिवस काम), आणि तिथल्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपते.

आता मेल. 'रिस्पेक्टेड सर' आणि खाली गुणपत्रिका, असे मेल रोज ढिगाने येतात; आमच्या प्रयोगशाळेत येतात ते मी पाहते. त्यांच्या पेपरातली एक आकृती घ्या आणि तिच्यावरून तुम्हाला पडलेला एक प्रश्न चार ओळींत लिहा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा.

स्वतःचा एक अनुभव सांगते. एमएस्सीच्या प्रकल्पात मी पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन आरएनए काढत होते. जेलवर 28एस आणि 18एस या रायबोसोमच्या आरएनएचे दोन स्वच्छ पट्टे दिसायला हवेत, वरचा साधारण दुप्पट ठळक. मला खालपर्यंत नुसता ओघळ दिसायचा. तीन आठवडे मी त्यालाच डॅमेज समजत होते. मग एका संध्याकाळी पेरॉक्साइड न घातलेली नळी शेजारी चालवली, तर तिथेही तोच ओघळ. पाण्यातच आरनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, होतं. माझा आरएनए नुसता तुटत होता. ऑक्सिडेशनने बदललेला आरएनए जेलवर अखंडही दिसू शकतो, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री किंवा अँटिबॉडी लागते. पीएचडीच्या मुलाखतीत हे सगळं सांगितलं, तर पुढची वीस मिनिटं आम्ही त्या एका नळीबद्दलच बोलत होतो. तुमच्या प्रकल्पातही अशी एखादी नळी असेल. मेलमध्ये तिच्याबद्दल लिहा.