शंका-समाधान : गुडघ्याचे वंगण खरोखर संपते का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे हाडे, सांधे आणि स्नायू यांच्याविषयीची आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. स्वतःच्या दुखण्यावर औषध विचारणाऱ्या वाचकांनी कृपया तपासणी करून घ्यावी; केवळ पत्र वाचून उपचार सुचवणे योग्य होणार नाही.

प्रश्न : वडिलांच्या गुडघ्यातले वंगण संपले आहे, असे सगळे म्हणतात. हे वंगण नेमके कुठे असते आणि ते संपते कसे?

उत्तर : ‘वंगण संपले’ हा शब्दप्रयोग तोंडात बसलेला असला, तरी त्यामुळे तेल आटलेल्या यंत्राचे जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते दिशाभूल करणारे आहे. गुडघ्यात मांडीच्या हाडाचे आणि नडगीचे टोक एकमेकांवर थेट घासत नाही. दोन्ही टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे, पांढरट आणि अतिशय गुळगुळीत असे कूर्चेचे आवरण असते. संपूर्ण सांधा एका पिशवीसारख्या वेष्टनात बंदिस्त असतो आणि या वेष्टनाच्या आतल्या अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव पाझरत राहतो. वंगण म्हणतात ते यालाच. निरोगी गुडघ्यात ते चहाचा एक चमचासुद्धा भरणार नाही इतके थोडे असते, आणि तेवढ्यावर सांध्यातील घर्षण बर्फावर बर्फ घासताना होणाऱ्या घर्षणापेक्षाही कमी राहते.

झिजलेल्या गुडघ्यात हा द्रव संपलेला नसतो. उलट अस्तराचा दाह झाल्यामुळे तो पुष्कळदा वाढतो आणि आपण ‘गुडघ्यात पाणी झाले’ म्हणतो. द्रवाचा दर्जा बिघडतो, तो पातळ होतो, हे खरे. पण झिजते ती कूर्चा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. रक्त पोहोचत नसल्यामुळे तिची झीज भरून निघणे फार अवघड असते, आणि चेतातंतू नसल्यामुळे झिजत असताना ती स्वतः तक्रारही करत नाही. दुखू लागते ते कूर्चेखालचे हाड आणि भोवतालचे अस्तर, आणि तोवर बराच काळ गेलेला असतो.

मग कूर्चेचे पोषण होते कसे? पाऊल टाकताना वजन पडले की ती स्पंजासारखी दबते आणि तिच्यातला द्रव बाहेर येतो. वजन उतरले की ती फुगते आणि सांध्यातला द्रव पोषकद्रव्यांसह आत ओढून घेते. म्हणजे चालणे हीच तिची जेवणाची वेळ असते. म्हणूनच गुडघे दुखतात म्हणून हालचालच थांबवावी, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. किती चालावे आणि कोणता व्यायाम करावा हे डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने ठरवावे, पण मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्याला मोठा आधार मिळतो, याविषयी दुमत नाही.

प्रश्न : बोटे मोडल्याने संधिवात होतो का? आणि आवाज कशाचा येतो?

उत्तर : एखाद्याच्या नावाने बोटे मोडण्याचा परिणाम कोणावर होतो हे सांगता येणार नाही, स्वतःची बोटे मोडल्याने मात्र संधिवात होतो असे अभ्यासांतून दिसलेले नाही. बोट ताणले की सांध्यातील पोकळी एकाएकी वाढते, द्रवाचा दाब उतरतो आणि त्यात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा तयार होतो. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे दृश्य एमआरआयने टिपले, आणि आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होत असल्याचे त्यांना दिसले. २०१८ मधील एका गणिती अभ्यासाने मात्र बुडबुडा अंशतः कोसळल्याने आवाज येतो असे मांडले, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. वायू पुन्हा विरघळायला सुमारे वीस मिनिटे लागतात. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही, ते यामुळेच. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी अनेक दशके फक्त डाव्या हाताची बोटे मोडून दोन्ही हातांची तुलना केली आणि त्यांना फरक आढळला नाही. एका माणसावरचा प्रयोग पुरावा म्हणून तोकडाच, पण चिकाटी दाद देण्याजोगी आहे. आवाजाबरोबर वेदना किंवा सूज असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तपासणी करावी.

प्रश्न : सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले तेव्हा पायाची पोटरी निम्मी झाल्यासारखी दिसली. हाड जुळले, मग पाय असा का झाला? तो पूर्ववत होईल का?

उत्तर : आपल्या पायात त्या सहा आठवड्यांत बांधणी आणि मोडणी ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. वर्गात टांगलेला सापळा पाहून हाड म्हणजे कोरडी, निर्जीव वस्तू असा आपला समज होतो, तो आधी बाजूला ठेवावा लागेल. जिवंत हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या क्षारांचा असतो, आणि उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांचा. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की क्षार विरघळतात आणि तेच हाड रबरासारखे वाकवता येते. उलट, हाड जाळले तर धागे नष्ट होऊन उरलेला सांगाडा खडूसारखा चुरतो. क्षारांनी दाब सोसायचा आणि धाग्यांनी ताण, अशी ही वाटणी आहे.

या बांधकामात पेशींच्या दोन टोळ्या सतत राबत असतात. एक जुने हाड विरघळवून काढते आणि दुसरी त्या जागी नवे हाड घालते. प्रौढ माणसाच्या सापळ्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. हाड मोडले की तेथे प्रथम रक्ताची गाठ धरते, मग कूर्चेचा मऊ जोड तयार होतो, काही आठवड्यांत त्याचे कठीण हाड बनते, आणि त्या ओबडधोबड जोडाला घडाई करून मूळ आकार देण्याचे काम पुढे कित्येक महिने, कधी कधी वर्षेही, चालते. म्हणजे प्लास्टर निघाले त्या दिवशी आपले हाड जुळलेले होते, पण पुरे झालेले नव्हते.

पोटरी रोडावली ती वापर थांबल्यामुळे. न वापरलेल्या स्नायूत प्रथिने घडण्यापेक्षा मोडण्याचा वेग जास्त होतो आणि प्रत्येक तंतू बारीक होतो. भार नसला की हाडही विरळ होते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम हाच आहे की, हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली रचना बदलते. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताची हाडे दुसऱ्या हातापेक्षा जाड असतात. अंतराळात भाररहित अवस्थेत राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. आपल्या पायावर भार पुन्हा पडू लागला की पोटरी भरून येईल. मात्र गमावायला लागलेल्या वेळेपेक्षा कमवायला जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.

प्रश्न : मधले बोट दुमडून पंजा टेबलावर ठेवला, तर अनामिका एकटी उचलता येत नाही. मुलांनी हा खेळ दाखवला. यामागे काय कारण आहे?

उत्तर : या प्रश्नाने मला स्वतःचाच पंजा टेबलावर ठेवून बसायला लावले. कारण समजण्यासाठी आणखी एक गोष्ट करून पाहावी : डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरून उजवी बोटे एकामागून एक हलवावीत. हालचाल बोटांत दिसते, पण तळहाताखाली फुगते-दबते ते कोपराजवळचे मांस. बोटांच्या आत हालचाल करणारे स्नायूच नाहीत. ते आहेत मनगटाच्या वर आणि तळहातात, आणि तेथून दोऱ्यांसारख्या लांब कंडरा बोटांपर्यंत जातात. बोटे उघडणारा मुख्य स्नायू चारही बोटांना मिळून एकच असून हाताच्या पाठीवर त्याच्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. मधले बोट दुमडले की त्याची कंडरा पुढे खेचली जाते आणि शेजारची अनामिकेची कंडराही अडकून पडते. तर्जनीला आणि करंगळीला उघडण्यासाठी स्वतःचा एकेक जादा स्नायू असतो, म्हणून त्या उचलता येतात.

स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. दंडाची बेटकुळी काढताना पुढचा स्नायू आखडून कोपर वाकवतो. हात सरळ करायला मात्र दंडामागचा स्नायू आखडावा लागतो. आखडतानाही आतले तंतू स्वतः आक्रसत नाहीत. ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात, असे १९५४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक जोड्यांनी दाखवून दिले. शिवाय, दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवरच जोडलेला असतो आणि वजन मात्र पंजात, त्याच्या सात-आठ पट दूर. त्यामुळे हातात पाच किलोची पिशवी तोलून धरायला त्याला पस्तीस ते चाळीस किलोइतका जोर लावावा लागतो. हा सौदा तोट्याचा वाटेल, पण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की पंजा सात-आठ सेंटिमीटर फिरतो. शरीराने येथे ताकदीपेक्षा वेगाला महत्त्व दिले आहे.

प्रश्न : बाळाच्या शरीरात हाडे जास्त आणि मोठ्या माणसात २०६, असे का?

उत्तर : जन्माच्या वेळी सापळा सुमारे तीनशे तुकड्यांचा असतो, आणि ते वाढीबरोबर जुळत जातात. बाळाची टाळू भरते हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. कंबरेखालचे पाच मणके एक होतात, माकडहाडाचे तुकडे जुळतात, आणि गळपट्टीच्या हाडाची वाढ तर विशीनंतरही चालू असते. सुश्रुतांनीही प्रौढाची तीनशेच हाडे मोजली आहेत, पण ती मोजणी वेगळी आहे : त्यांत दात आणि कूर्चाही धरल्या आहेत.

प्रश्न : डोंगर चढताना दम लागला, पण मांड्या दुखल्या त्या उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी. उतरणे तर सोपे होते.

उत्तर : उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडलेल्या स्थितीतच ताणला जातो, कारण तो आपल्याला कोसळण्यापासून रोखत असतो. अशा ताणात तंतूंना सूक्ष्म इजा होतात आणि त्यांच्या दुरुस्तीबरोबर येणारा दाह दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतो. लॅक्टिक आम्ल साचते हे प्रचलित उत्तर चुकीचे आहे. ते तासाभरात रक्तातून निघून जाते. हे दुखणे सहसा आठवड्याच्या आत ओसरते. मात्र स्नायू फार सुजले असतील आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.