आकडा कमी आला, पण मापन चुकलं नव्हतं

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंटर्नशिपमध्ये तुला दोन सर्व्हर तपासायला दिले. प्रोसेसर तोच, रॅम दोन्हीकडे २५६ जीबी, तरी ‘स्पेक सीपीयू २०१७’ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणी-संचाच्या रेट चाचण्यांत दुसरा सर्व्हर बराच मागे पडला. वरिष्ठ ओरडले, मापनात घोळ असेल, अहवाल मागे घे. आता तू विचारतेस, हा नाद सोडून सरळ वेब डेव्हलपमेंटकडे वळू का?

ते नंतर बघू. आधी पत्रात तू जाता जाता लिहिलेली ओळ: पहिल्यात रॅमच्या ३२ जीबीच्या आठ स्टिक, दुसऱ्यात ६४ जीबीच्या चार. सगळं इथेच आहे!

त्या प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारे आठ वेगळे रस्ते आहेत. रॅम डीडीआर४-३२०० या प्रकारची असेल तर एका चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो. आठही भरले तर २०४.८, चारच भरले तर १०२.४. क्षमता तेवढीच राहिली, बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला डेटा वाहून नेण्याची ताकद, निम्म्यावर आली. रेट चाचणीत एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती एकदम चालतात, प्रोसेसरच्या साऱ्या कोअर एकाच वेळी मेमरीकडे डेटा मागतात, आणि मग ताटकळतात.

तुझा तक्ताच याची साक्ष देतो. द्रवाच्या प्रवाहाचं गणित करणारी एलबीएम ही चाचणी कोसळली. सुडोकूशी खेळणारी एक्स्चेंज२ मात्र जवळपास हललीच नाही, कारण तिचं काम कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीतच उरकतं. नुसता घोळ असता तर घसरण अशी निवडून झाली नसती. एकूण स्कोअर हा त्या-त्या गटातल्या सगळ्या चाचण्यांचा भूमितीय मध्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी असतो, त्यात हा फरक दडून जातो. तू सुटे आकडे उघडून पाहिलेस, याचं मला फार कौतुक वाटलं.

स्पेकच्या प्रसिद्ध निकालांतही मेमरीची ओळ असते: किती स्टिक, किती जीबीच्या, किती वेगाच्या. दोन प्रोसेसरांची तुलना करताना ती ओळ आधी वाच. बऱ्याच मशीनवर एका चॅनलवर दोन स्टिक लावल्या की मेमरीचा वेगही खाली येतो. म्हणजे रॅम वाढवूनही स्कोअर उतरू शकतो.

आता करिअर. या कामाला परफॉर्मन्स इंजिनिअरिंग म्हणतात. प्रोसेसर आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या, क्लाउड सेवा, डेटाबेस, सुपरकॉम्प्युटिंग, सगळीकडे अशी माणसं लागतात. कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिम मनापासून शीक, सी भाषेत हात बसव, प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं लिनक्सवरचं ‘पर्फ’ वापरायला लाग. संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नकोस. एकदाच चालवून आलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवू नये. वेब डेव्हलपमेंट वाईट नाही, पण वरिष्ठांच्या एका ओरडण्यामुळे तिकडे जाऊ नकोस.

अहवाल मागे घेऊ नकोस. परवानगी मिळाली तर पहिल्या सर्व्हरच्या आठपैकी चार स्टिक काढ, मदरबोर्डच्या पुस्तिकेत चार स्टिकसाठी दिलेल्या स्लॉटमध्येच बाकीच्या ठेव, आणि मेमरीची बँडविड्थ मोजणारी ‘स्ट्रीम’ व एलबीएम तीन-तीनदा चालव. रॅम १२८ जीबीच उरेल, म्हणून प्रती तेवढ्यात मावतात का ते आधी पाहा. एलबीएमचा आकडा दुसऱ्या सर्व्हरच्या जवळ आला, तर तो तक्ता वरिष्ठांपुढे ठेव. काय आलं ते मला नक्की कळव.