मोठी काचपेटी हप्त्यावर घ्यावी, की जाळीचे दोन पिंजरे करून घ्यावेत?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचकाकडे व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या सरड्यांची एक जात) जोडी आहे, अजून वाढत्या वयाची. दोघांसाठी मिळून ४८,००० रुपयांची काचपेटी १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यावर घ्यावी की ठेव मोडून रोखीने, असं त्यांनी विचारलंय. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरने जाळीच्या एका पिंजऱ्याचे ७,५०० सांगितलेत, तेही कळवलंय.

माझं स्पष्ट मत: हप्ता नको, ठेवही मोडू नका. ती पेटीच घेऊ नका.

शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी. दुसरा सतत नजरेसमोर असला की ताण येतो, खाणं सुटतं. म्हणजे एवढे पैसे घालूनही काही महिन्यांत दुसरं घर घ्यावंच लागणार. शिवाय कोल्हापूरचा पावसाळा! जूनपासून हवा दमट, त्यात काचेआड ओल कोंडली की श्वसनाचे आजार जडतात. जाळीत हवा खेळती राहते. उन्हाळ्यात पाण्याचे फवारे जास्त मारावे लागतील, पण त्याला खर्च नाही.

प्रत्येकी २ बाय २ बाय ४ फुटांचे दोन पिंजरे, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, खाली पाणी काढायला ट्रे. जाळीची कापलेली टोकं पट्टीखाली दाबून घ्या. आत राहिली तर बोटं आणि नखं अडकतात. १५,००० मध्ये काम होतंय.

आता उरलेले ३३,०००. ते खर्चायचेच आहेत असं समजू नका, पण वेगळे काढून ठेवा. खरा खर्च पुढे आहे. यूव्हीबी ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसते, तरी तिच्यातले अतिनील किरण घटत जातात. प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांनी बदलावीच लागते. ती टाळली तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. उबेसाठी ७५ वॅटचा दिवा १० तास आणि २४ वॅटची ट्यूब १२ तास धरली तर एका पिंजऱ्याला रोज साधारण १ युनिट. दोघांचे महिन्याला ६० युनिट. घरचा वापर त्यामुळे १०० युनिटच्या वर गेला, तर वरच्या युनिटना दर चढा लागतो. किडे, कॅल्शियमची पूड, डॉक्टर हे निराळंच, आणि नर नीट सांभाळला तर ५ ते ८ वर्षं जगतो.

'नो कॉस्ट'चंही सांगतो. बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो. व्याज ४,००० धरलं तर ७२० रुपये, वर प्रोसेसिंग फी. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याजदर कापला जातो, तो वेगळा.

विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर दोघांची नोंदणी झाली नसेल, तर पिंजऱ्याच्या आधी ते काम उरका.

मादी नर नसतानाही अंडी घालते आणि त्यासाठी तिला ओलसर वाळूची खोल बादली लागते. ती बादली आत जाईल एवढं रुंद दार ठेवायला फॅब्रिकेटरला माप देतानाच सांगा.