ठाणेदारांच्या वाटेने अमेरिकेला यायचं म्हणतोस, तर...

बेळगावात एम.एस्सी. केमिस्ट्री झालंय, इथे येऊन उद्योजक आणि पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झालेल्या श्री ठाणेदारांचा आदर्श समोर आहे, तर घर गहाण टाकून मास्टर्सला येऊ का, असं तू विचारलंस. मी मिशिगनमध्येच राहतो आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच सांगतो, त्यांच्या आयुष्यातली सालं नीट बघ.

वडिलांची नोकरी लवकर संपली आणि पोरवयातच घराचा भार अंगावर आला. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून 1979 मध्ये ते ॲक्रन विद्यापीठात आले ते पीएच.डी.साठी. 1982 मध्ये ती झाली. 1988 मध्ये ते नागरिक झाले. 1991 मध्ये कर्ज काढून त्यांनी सेंट लुईसची केमिर ही छोटी प्रयोगशाळा घेतली आणि वाढवली. 2010 मध्ये कर्जापायी सगळा व्यवसाय हातचा गेला. तेव्हा वय 55. मग ॲन आर्बरमध्ये पुन्हा नवी प्रयोगशाळा. 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरले, 2020 मध्ये मिशिगनच्या विधानसभेत गेले आणि 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

यातलं 1988 हे साल माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. येऊन नऊ वर्षांत नागरिकत्व! आज नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत (म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यांत) एका देशात जन्मलेल्यांना साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांच्याही पुढे जाते. नागरिकत्व त्यानंतर, बहुतेकांना आणखी पाच वर्षांनी. आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. 2010 मध्ये ठाणेदार व्हिसावर असते, तर नव्याने उभं राहणं कितीतरी अवघड झालं असतं. राजकारणाचं तुझ्या डोक्यात असेल, तर प्रतिनिधिगृहासाठी नागरिक होऊन सात वर्षं झालेली लागतात, हेही धरून चाल.

तरी ये, जरूर ये. पण मास्टर्सऐवजी पीएच.डी.ला अर्ज कर. केमिस्ट्रीत असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, मिळाली की बहुधा फी माफ होते, वर दरमहा स्टायपेंड. ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी शोध: फी पूर्ण माफ आहे का, स्टायपेंड बारा महिन्यांचा की नऊच, आणि किती वर्षांची हमी. विज्ञानाच्या पदवीवर नंतर विद्यार्थी व्हिसावरच तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, तेवढ्यात एच-वन-बीच्या लॉटरीत एकाहून जास्त वेळा नाव घालता येतं.

घर गहाण टाकू नकोस. आईवडिलांच्या डोक्यावरचं छप्पर लॉटरीच्या भरवशावर ठेवायचं नाही. ऑफर आली की पाठव, सही करण्याआधी दोघं मिळून वाचू.