मांडीवरचं तिकीट आणि पिशवीतली संत्री

प्रश्न : माझे दीर-जाऊ जर्मनीत, फ्रँकफर्टला असतात. या नाताळात याच, म्हणून मागे लागले आहेत. 20 डिसेंबर 2025 ला निघून 4 जानेवारीला परत यायचा विचार आहे. मुलगी सात वर्षांची, जिल्हा परिषद शाळेत दुसरीत. धाकटा 28 डिसेंबरला दोन वर्षांचा होईल. एजंट म्हणतो, मांडीवरच्या लेकराचं तिकीट स्वस्तात पडतं, तेच काढा. सासूबाई म्हणतात, एवढ्या थंडीत लेकरं नेऊच नका. काय करावं?
— एक वाचक, पुलगावजवळच्या गावाहून

उत्तर : ताई, जा. पण एजंटाला आधी धाकट्याची जन्मतारीख विचारा. मांडीवरचं तिकीट दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच चालतं. तुमचा पोरगा जाताना दोनच्या आत आणि येताना दोनच्या वर, म्हणजे परतीला त्याची वेगळी सीट लागणारच. माझं ऐकाल तर जातानाही घ्या. मुंबईहून थेट गेलात तरी नऊ तासांच्या आसपास बसावं लागतं आणि एवढं मोठं लेकरू विमानातल्या पाळण्यात मावत नाही. मी नातवाला मांडीवर घेऊन गेले होते, उतरल्यावर पाय माझे राहिले नव्हते. विमान चढता-उतरताना त्याच्या तोंडात काहीतरी चोखायला द्या, कान दुखत नाहीत.

कागदांचं आजच हाती घ्या. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या लेकरांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. तुमचा पोरगा त्यातच येतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी तर नाही ना, ते पाहा. आपल्याकडे बारशाआधी नोंद होते आणि मग नाव घालायला कोणी जात नाही. आमच्या घरी हेच झालं होतं, ग्रामसेवकाकडे तीन चकरा झाल्या. अर्जासोबतच्या संमतीपत्रावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. तान्हा पोळा व्हायच्या आत पासपोर्टचं उरका, म्हणजे व्हिसाला वेळ राहील. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सहा वर्षांखालच्याला फी नाही, मुलीला 45 युरो, तुम्हा दोघांना प्रत्येकी 90. विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

शाळेला नाताळची सुटी एक दिवसाची, तेव्हा मुख्याध्यापकांना अर्ज द्या. दुसरीतल्या पोरीचं त्यात फार बुडत नाही. कापूस वेचणीचं मात्र घरात कोण पाहील ते आधी ठरवा, बाया ऐनवेळी मिळत नाहीत. दिल्लीमार्गे तिकीट नको, डिसेंबरात धुक्यानं विमानं अडकतात. मुंबईची रेल्वे 60 दिवस आधी आरक्षित करा आणि एक दिवस हाताशी ठेवून पोहोचा.

सासूबाईंना सांगा, घरं तिथे गरम असतात, थंडी बाहेर. खरा त्रास घड्याळाचा. तिथली वेळ साडेचार तास मागे, म्हणून आपल्या सात-साडेसातला उठणारं लेकरू तिथे पहाटे तीनला टुणकन उठून बसतं. पहिले तीन-चार दिवस जाऊबाईंची झोप जाणार, हे आधीच कळवा. संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. बाहेर जायचं ते दुपारी.

आणखी एक. 24 ला दुपारनंतर दुकानं बंद होतात, 25 आणि 26 दोन्ही दिवस सुटी. दूध, डायपर 23 लाच भरून घ्या. दिव्यांचे ते ख्रिसमस बाजारही बहुतेक त्याआधीच आवरतात, तेव्हा पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला नेऊन आणा. बर्फाचं वचन तिला देऊ नका. फ्रँकफर्टला नाताळात पावसाचीच शक्यता जास्त. जवळच्या टाउनस डोंगरात फेल्डबर्गवर मिळाला तर मिळाला.

खाण्याचं विचारलं नाही, पण सांगते. शेवया, कुरडया, शेंगदाण्याची चटणी न्या. तूप नको, दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत. बाळाची दुधाची पावडर दोन किलोपर्यंत चालते. आणि संत्री! 2022 च्या डिसेंबरात मी घरच्या बागेतला आंबिया, चांगली तीन किलो, पिशवीत घालून नेला. तपासणीवरच्या माणसानं एकेक फळ उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सर्टिफिकेटाशिवाय फळं नेता येत नाहीत म्हणे. नातू मोजत होता, 'आजी, सतरा.' तुमची मुंबईच्या विमानतळावर बसून सोलून खाऊन टाका, आणि साली तिथल्याच डब्यात.