खळं लांब, पाऊस जवळ

सई,

सकाळी फोनवर आजी म्हणाली, "चंद्राला खळं पडलंय, खळ्यावरची तूर झाकायला हवी." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, तिकडे कुणी ॲप बघत नाही का?" हसतच विचारलंस, पण जरा लागलं.

बघतात गं, काका तर सारखं बघतो. पण आप्पांच्या खळ्यालाही, म्हणजे चंद्राभोवतीच्या कड्यालाही, हिशेब होता. ओट्यावर उभं करून ते आम्हा भावंडांना मोजायला लावायचे: हात पूर्ण ताणायचा, वीत उघडायची, अंगठा चंद्रावर. करंगळी कड्याला टेकली की ते मोठं खळं, साधारण 22 अंशांचं. उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या कणांनी ते पडतं, आणि असा ढग पुष्कळदा पावसाच्या पुढे चालतो. चंद्राला चिकटलेलं छोटं रंगीत कडं थेंबांचं. ते आप्पा धरायचे नाहीत.

चुकायचंही. ढग वरच्या वर निघून जायचा नि तूर उगाच झाकली जायची. सकाळी ताडपत्री काढायला उशीर झाला तर खाली ओल धरून शेंगांना बुरशी, म्हणजे पाऊस न पडताच नुकसान.

त्यांचं दुसरं गणित मला आता पटत नाही. मार्गशीर्ष-पौषात तांबडी संध्याकाळ आणि खळं दिसलं की पावसाचा गर्भ राहिला, तो 195 दिवसांनी बरसणार. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतलं आहे हे. 15 डिसेंबर धरला तर येतो 28 जून. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतोच, मग खरं ठरायला काय जातंय! तरी कॅलेंडरवर खूण करायची घाई आम्हालाच असायची.

इथे कॅल्गरीत खळ्यानंतर बर्फ येऊ शकतो. पण कडाक्याच्या थंडीत सूर्याच्या दोन्ही बाजूंना खोटे सूर्य दिसतात ना, ते बऱ्याचदा जमिनीलगत तरंगणाऱ्या बर्फकणांचे असतात. त्यावरून पुढचं काही सांगू नये. रॉकी पर्वतावरची चिनूकची, म्हणजे डोंगरावरून उतरणाऱ्या उबदार वाऱ्याची, कमान जास्त भरवशाची: पश्चिमेला ढगाची लांब कड, खाली निरभ्र फट, आणि सूर्यास्ताला फटीतून उजेड आला की ढगाचं पोट नारिंगी-गुलाबी. वारा खाली उतरला तर काही तासांत पारा 15-20 अंशही चढतो. आप्पांच्या पोतडीत हे नव्हतं.

मोजून बघायचं असेल तर जाड हातमोजा काढ, त्यात वीत नीट उघडत नाही. तुझा पंजा लहान आहे, पण हातही तेवढाच आखूड, म्हणून माप जुळतं. कंटाळा आला तर राहू दे, थंडी फार आहे.

बाबा